जॉबला बसू दे

वर्कशॉपमध्ये मला सगळे खुळखुळा म्हणतात. खरं नाव हजेरीच्या वेळी तेवढं कानावर पडतं, आणि तेव्हाही मागून कुणीतरी जिभेने खुळखुळ वाजवतंच. हे नाव मला गेल्या वर्षीच्या परीक्षेने दिलं. आमच्या टूलमेकिंगच्या शेवटच्या परीक्षेत प्रत्येकाला एक बुश देतात. बुश म्हणजे एका बाजूने बंद असलेला जाड पोलादी डबाच म्हणा. त्याच्या भोकात बरोबर बसेल असा शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, लेथवर कातून काढायचा, एवढंच काम. मी तो सगळ्यांच्या आधी काढला, बुशात घातला, आणि तो असा गुमान आत उतरला की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. परीक्षक जेवून आले, माझा बुश त्यांनी कानाशी नेऊन हलवला, आणि तो आवाज अख्ख्या वर्कशॉपने ऐकला.

झालं होतं असं की मी शाफ्ट गरम असताना मोजला होता. कातताना लोखंड तापतं आणि तापलं की फुगतं. फुगलेल्या शाफ्टवर मायक्रोमीटर लावला तर तो बिचारा फुगलेलंच माप दाखवणार. तेच खरं धरून मी कट घेतला, आणि परीक्षक जेवत होते तेवढ्या वेळात माझा शाफ्ट गार होऊन आपल्या खऱ्या मापावर आला. दोन-तीन रेघा कमी. मायक्रोमीटरवरच्या त्या रेघा दाखवायला गेलं तर घरच्यांना दिसतही नाहीत, पण तेवढ्यावर माणूस नापास होतो. कमी भरलेल्या शाफ्टला लोखंड परत चिकटवता येत नाही.

"तुला थांबायला काय झालं होतं?" बाईंनी विचारलं होतं. बाई म्हणजे आमच्या शिक्षिका. बुटक्या, करड्या, आणि मशीनच्या घरघरीवरही ऐकू येईल अशा आवाजाच्या. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. जॉब साइजच्या जवळ आला की त्या मागून येऊन म्हणायच्या, "जॉबला बसू दे. आणि तूही बस."

आम्ही हातातल्या कामाला जॉब म्हणतो. जॉबला बसू देणं मला समजत होतं. त्याला सपाट थंड लोखंडी पाटावर ठेवायचं आणि गार होऊ द्यायचं. घोडं अडायचं ते पुढच्या वाक्यावर. मला बसता येत नाही. चहा मी उभ्याने पिते. फोनवर बोलताना घरभर फिरते. लहानपणच्या सगळ्या फोटोंत आई, बाबा, दादा अगदी स्वच्छ आलेत आणि कडेला एक पुसट काहीतरी आहे, ती मी. पायाला भिंगरी बांधूनच आलीय कार्टी, असं आई म्हणायची. कुठे टेकलेच तर माझा पाय हलायला लागतो, आणि शेजारचा माणूस पाचव्या मिनिटाला म्हणतो, पाय हलवू नकोस गं.

आमच्या घरात बसणारा माणूस एकच, तो म्हणजे दादा. बाबा गेले आणि दादा दुकानात बसला. आमचं रंगाचं दुकान आहे. भिंतीचे रंग, ब्रश, टर्पेंटाइन, सँडपेपर. त्याआधी तो मालट्रकवर होता, आठ-आठ दिवस घरी नसायचा, आणि आला की खिडकीशी उभा राहून रस्त्याकडे बघत असायचा. पण तेव्हा मी शाळेत होते, ते मला धड आठवतही नाही. मला आठवतो तो काउंटरमागच्या लाकडी स्टुलावर बसलेला दादा. सकाळी बसला की रात्री कुलूप लावायलाच उठणार. असा माणूस आणि मी एकाच आईच्या पोटी कसे जन्मलो, याचं मला कायम नवल वाटायचं.

गेल्या वर्षी मी नापास झाले तेव्हा दादा ओरडला नाही. तो म्हणाला, "पुन्हा दे. पण यंदा नाही झालं तर दुकानात बस." मी शब्द दिला. द्यावाच लागला, कारण आमच्याकडे परीक्षा दोनदाच देता येते. पास झालं तर ज्या कारखान्याच्या टूलरूममध्ये आम्ही शिकाऊ म्हणून राबतो, तिथेच कायमची जागा मिळते. साचे बनवायचे, डाय बनवायच्या, रोज नवं काहीतरी. नापास झालं तर काउंटर. हा पांढरा दाखवा, नको, तो जरा पिवळट वाटतोय, दुसरा पांढरा दाखवा. जन्मभर असेच पांढरे दाखवत बसायचं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी दुकानात गेले, तर काउंटरमागे नवी कोरी खुर्ची. चाकांची, गादीची, पाठीला टेकायला फुगीर उशी. वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

"ही कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? दुकानासाठी," दादा म्हणाला. तो आपल्या स्टुलावरच होता.

"तू तर स्टुलावर बसतोस."

"मला स्टुलाची सवय आहे. तुला असलं काहीतरी लागेल."

"माझी परीक्षा व्हायचीय अजून!"

"मग होऊ दे की. खुर्ची काय पळून चाललीय?"

"म्हणजे तू धरूनच चाललायस!"

"मी काही धरलेलं नाही. तू आधी काउंटरवरून उतर. ग्राहक येतात."

रागाच्या भरात मी काउंटरवर कधी चढून बसले होते ते माझं मलाच कळलं नव्हतं. वहिनी मागे डबे लावत होती. ती तिथूनच म्हणाली, "दोघं अगदी एका माळेचे मणी. एक उड्या मारत भांडते, एक बसून भांडतो." मला ते मुळीच पटलं नाही. दादा आलेल्या ग्राहकाला रंगाचं कार्ड दाखवायला लागला. रंग ढवळायचं मशीन बंद होतं, तरी दुकानात एक बारीक ठक-ठक चालू होती. ती नेहमीच असते. सैल झालेला एखादा बोल्ट असेल, बघून आवळून देते, असं मी कितीदा म्हटलंय, आणि दरवेळी विसरलेय. त्या दिवशीही मी तशीच तणतणत घरी गेले.

परीक्षेच्या दिवशी बाईंना आत सोडत नाहीत. बाहेरून परीक्षक येतात, उंच, नीट इस्त्रीचा शर्ट घातलेले. त्यांनी प्रत्येकाला नंबर ठोकलेला बुश दिला, पोलादाचा दांडा दिला, घंटा वाजवली. माझ्या शेजारच्या लेथवर गोगलगाय होता. हे त्याचं वर्कशॉपमधलं नाव. तो इतका सावकाश काम करतो की बघूनच मला खाज सुटते, आणि त्याचा जॉब मात्र एकदाही चुकलेला नाही. तोही गेल्या वर्षी आजारी पडला म्हणून पुन्हा बसला होता.

मोठे कट मी भराभर मारले. त्यात मला कुणी हरवू शकत नाही. निळसर कीस वेटोळी घेत खाली पडत होता, हाताला चटके बसत होते, आणि मला बरं वाटत होतं. हात चालू असले की डोकं शांत असतं. शाफ्ट साइजच्या जवळ आला. मायक्रोमीटर लावला, चार रेघा जास्त. एक कट आणि काम फत्ते. माझा हात कट द्यायच्या चाकावर गेलासुद्धा. आणि मग मला तो खुळखुळ आवाज आठवला.

मी मशीन बंद केलं. दोन्ही टोकांना अणकुचीदार सेंटरमध्ये धरलेला जॉब काढून पुन्हा जसाच्या तसा लावता येतो, ही एक सोय असते. फडक्याने धरून शाफ्ट काढला, थंड पाटावर ठेवला, आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. म्हटलं, बस बाई आता.

एवढं सोपं असतं तर काय हवं होतं! बाकीची सगळी मशीनं चालू होती आणि माझं एकटीचं बंद. भिंतीवरचं घड्याळ माझ्या बरोब्बर समोर. शाफ्ट नुसता पडलेला. गार होणारी वस्तू काहीही करताना दिसत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा दोष. पाण्याला उकळी तरी येते. मनात आलं, पाण्यात बुडवू का? पण तसं केलं की जॉब बाहेरून गार होतो आणि आतून गरम राहतो, ते बाईंनी घोटून घेतलेलं. फुंकर घालावीशी वाटली. उठून एक चक्कर मारावीशी वाटली. पण उठले की माझा हात त्याच्याकडे जाणार हे मला पक्कं ठाऊक होतं. मग माझा पाय हलायला लागला. शेजारून गोगलगाय म्हणाला, "पाय नको ना हलवूस, मला कापरं भरल्यासारखं होतं." त्याच्यावर डोळे वटारले आणि पाय स्टुलाच्या दांडीत अडकवला.

परीक्षक फिरत फिरत आले.

"तुमचं झालं?"

"नाही सर."

"मग बसलात का?"

"जॉब गार व्हायचाय."

"बरोबर," ते म्हणाले आणि त्यांनी माझा शाफ्ट उचलला. "फिनिश छान आलंय हं." इथपर्यंत ठीक होतं. पण नंतर तो खाली ठेवायचं सोडून ते शाफ्ट मुठीत धरूनच गोगलगायकडे वळले. तुमच्या टूलची धार अशी का लावलीत, किती कोन ठेवलात, मी शिकत होतो तेव्हा आम्ही असं करायचो. बोलताना शाफ्ट या तळहातावरून त्या तळहातावर. बोटांनी गोंजारणं काय, मूठ आवळणं काय! माणसाचा हात म्हणजे चालतीबोलती शेगडी असते, आणि माझा इतका वेळ राखलेला गारवा तो माणूस गप्पांत घालवत होता.

"सर," मी म्हणाले, "तो खाली ठेवता का?"

त्यांना ऐकू गेलं नाही. ते कोनाबद्दलच बोलत होते.

"सर! ठेवा आधी तो खाली!"

हे मी बोलले नाही, ओरडले. नेमकी तेव्हाच बाजूची दोन मशीनं थांबलेली होती. सगळ्या माना वळल्या. परीक्षक माझ्याकडे बघत राहिले.

"का?"

"तुमचा हात गरम आहे."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मला वाटलं, झालं, बुडाले. ज्याच्या हातात माझा निकाल, त्यालाच मी हात गरम म्हणून खडसावत होते. परीक्षकांनी आपल्या मुठीकडे पाहिलं. मग दोन बोटांच्या चिमटीत धरून शाफ्ट पाटावर ठेवला.

"वेळ किती राहिलाय, बघितलंत?"

"बघितलं."

"मग मोजून घ्या."

"अजून बसला नाही," मी म्हणाले.

त्यांनी हातातल्या कागदावर काहीतरी खरडलं आणि ते पुढे गेले. आता मला पुन्हा पहिल्यापासून थांबायचं होतं. गोगलगायचं काम संपलं, त्याने मशीन पुसायला घेतलं. मशीन पुसणाऱ्या गोगलगायकडे मी स्टुलावर बसून बघतेय, असा दिवस माझ्या आयुष्यात येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मनातून एक आवाज सारखा म्हणत होता, चार रेघा आहेत, काप आणि मोकळी हो. मी हात मांड्यांखाली इतके दाबले की बोटांना मुंग्या आल्या. डोळ्यांसमोर ती गादीची खुर्ची येत होती, प्लॅस्टिकसकट. भीती वाटत होती. सरळ सांगायचं तर रडू येत होतं.

शेवटी मी बोटांची मागची बाजू आधी पाटाला लावली, मग शाफ्टला. पुन्हा पाटाला, पुन्हा शाफ्टला. दोन्ही सारखेच गार. आता कुठे तो बसला होता. मी उठले, जॉब लावला, मायक्रोमीटर फिरवला. चार नाही, दीड रेघ जास्त. गरम असताना चारचा कट मारला असता तर शाफ्ट पुन्हा खुळखुळला असता. एक हलका कट दिला, कीस पडला तोही केसासारखा. शाफ्ट पुसते आहे तोवर घंटा झाली.

या खेपेस परीक्षक जेवायला गेले नाहीत. माझा बुश त्यांनी टेबलावर उभा ठेवला, शाफ्टचं टोक भोकाच्या तोंडाशी लावलं आणि सोडून दिलं. शाफ्ट तिथेच थांबला. मग तो खाली जायला लागला, पण इतक्या हळू की आधी मला भास वाटला. आतली हवा बाहेर पडायला जागाच नव्हती, ती कडेने कशीबशी वाट काढत होती, आणि तेवढ्याच वेगाने शाफ्ट आपल्या वजनाने उतरत होता. माझा हात पुढे झाला. जरासं ढकललं असतं तर...

"हात लावू नका," परीक्षक म्हणाले. "तुमचा हात गरम आहे."

सगळे हसले, मीही हसले, पण मला दम धरवत नव्हता. शाफ्ट उतरतच होता. शेवटी तळाशी टेकल्याचा बारीक टक आवाज आला. परीक्षकांनी बुश उचलून कानाशी नेला आणि हलवला. काही नाही. पुन्हा हलवला. गोगलगायने जिभेने खुळखुळ वाजवलं आणि मी त्याला कोपराने ढोसलं.

"बसला," परीक्षक म्हणाले. "आवाज आहे तो फक्त तुमचाच."

दारातच बाई उभ्या होत्या. मी मान हलवली. त्या एवढंच म्हणाल्या, "बसली होतीस ना?" आणि मला पाठीत एक धपाटा घालून निघून गेल्या.

मी फोन केला नाही. दुकानापर्यंत जवळजवळ पळत गेले. वाटेत दादाला काय काय ऐकवायचं, खुर्चीवरून कसं टोचायचं, सगळी जुळवाजुळव केली होती. तो स्टुलावर बसला होता. ती ठक-ठक आज जरा जोरातच चालली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"बसला?"

"बसला!"

दादा हसला, अगदी मनापासून. मग त्याने खुर्चीच्या प्लॅस्टिकवर एक थाप मारली. "तरी मी तुझ्या वहिनीला म्हटलं होतं, प्लॅस्टिक काढू नकोस. तसंच असलं तर परत घेतात."

माझी सगळी जुळवाजुळव तिथेच गळपटली. म्हणजे खुर्ची आणताना त्याने हाही विचार केला होता.

"आणि त्या ट्रकवाल्या मालकांना उद्या नाही म्हणून कळवून टाकतो," तो डब्यांवरची धूळ झटकत म्हणाला.

"कुठले मालक?"

"जुने गं. मध्ये भेटले होते. म्हणाले, सुट्टीला जोडून एखादी फेरी मारत जा, माणूस मिळत नाही. म्हटलं, तू दुकानात बसलीस तर जाऊन येईन कधीमधी. तसं काही नाही, सहज आपलं."

"तुला जायचं होतं?"

"छे! या वयात कुठे जायचंय." तेवढ्यात एक ग्राहक आला, त्याला मोठा डबा हवा होता. "मागून घेऊन येतो. तू जरा बस इथे," म्हणत दादा उठला आणि आतल्या खोलीत गेला.

तो उठला तशी ठक-ठक थांबली.

मी त्याच्या स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पाय टेकायला खाली एक लाकडी फळी होती. पाय टेकला आणि काहीतरी वेगळं लागलं म्हणून वाकून पाहिलं. फळी सगळीकडे सारखी होती, रंगाचे डाग पडलेली, खरखरीत. उजव्या बाजूला एकाच ठिकाणी ती झिजून खोलगट झाली होती, हात फिरवावा इतकी गुळगुळीत. काय कशाने झिजतं ते ओळखणं हा माझा धंदा आहे. पाय नुसता ठेवून लाकूड असं झिजत नाही. वर्षानुवर्षं, दिवसभर, एकच टाच त्याच जागी आपटत राहिली तर झिजतं. इतकी वर्षं मी ज्याला सैल बोल्ट समजत होते, तो दादाचा पाय होता.

मी उजवी टाच त्या खळग्यात ठेवली. ती त्यात बरोबर बसली. आणि बसल्या बसल्या माझा पाय हलायला लागला.

"काय वाजतंय गं?" आतून दादाने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "दादा, त्या मालकांना हो म्हणून सांग. सुट्टीच्या दिवशी दुकानात मी बसेन."

डबा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तू? आणि एका जागी बसशील?"

"बसेन," मी म्हणाले, आणि टाच खळग्यात घट्ट दाबून धरली.